मायच्या गुडघ्यातला जंतू

८ एप्रिल, जळगाव

नळी निवळली. परत. आता याला योगायोग म्हणायचं नाही. ताकासारखी गढूळ होती, माझं एंझाइम टाकलं, आणि डोळ्यांदेखत पाणी. स्टॅफ जंतू संपले. मी लॅबमध्ये एकटीच "अगं बाई!" असं ओरडले. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं, साप निघाला की काय म्हणून.

घरी शैलेशला समजावलं. जंतूच्या अंगाभोवती भिंत असते, आत दाब भरलेला. जंतूंना खाणारे विषाणू असतात, त्यांच्याकडे ती भिंत कापायची कात्री असते. मी पिंप्राळ्याच्या नाल्याचं पाणी नाक दाबून आणलं, त्यातला विषाणू धरला, त्याची नुसती कात्री घेतली. भिंत कापली की जंतू आपल्याच दाबाने फुटतो. जालीम औषधांना न जुमानणारासुद्धा. नवरा सगळं ऐकून म्हणाला, भाजीत मीठ नाही.

डोंबल.

११ एप्रिल

दादाचा धुळ्याहून फोन. मायच्या गुडघ्यातून परत पाणी झिरपतंय. दिवाळीत नवा सांधा बसवला तेव्हापासून तो गुडघा काही धड नाही. आता बाजूला बारीक भोक पडलंय. सर्जन म्हणाले, आत जंतू बसलेत, सांध्याच्या धातूला चिकटून. गोळ्यांनी जाणार नाहीत. उघडायचं, सांधा काढून टाकायचा, औषधाचं सिमेंट भरायचं, काही महिन्यांनी पुन्हा नवा बसवायचा.

माय मागून ओरडत होती, ऐकू येत होतं. अक्षय्य तृतीयेचा सण होईपर्यंत काही नाही म्हणे. "आखाजी व्हई जाऊ दे, मंग दखू!"

दादा म्हणाला, हिला तू सांग. मी सांगितलं. ऐकते होय ती. सत्तरीला आली तरी हट्ट कुकुल्या पोरीचा.

१५ एप्रिल

दिवसभर एकच विचार. धातूला चिकटलेले जंतू म्हणजे बहुतेक स्टॅफच. आणि स्टॅफ तर माझ्या नळीत...

मॅडमना (माझ्या पीएच.डी.च्या गाइड) अजून बोलले नाही. आधी नमुना आणू दे.

३० एप्रिल, धुळे

आखाजी. सकाळच्या एसटीने आले. दादाकडे सगळं साग्रसंगीत. वहिनीने गच्चीच्या कडीला झोका बांधला होता, खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या. माय पाय स्टुलावर ठेवून हुकूम सोडत बसलेली. नवं लुगडं, केसांना तेल, खोलीत उदबत्ती. मी घाबरत घाबरत आले होते, पण बाई चांगली तरतरीत दिसली.

जेवण झाल्यावर पट्टी सोडायला बसले तर हात ढकलते. "आखाजीले उनेल आंडेरले पू पुसाले लावू का मी? लोके काय म्हनतीन?"

म्हटलं, माय, सणाला आलेल्या लेकीने पू पुसला तर लोकांचं काय जातं? गप बस.

उघडून बघितलं. भोक स्वच्छ. फारसं पाणी नाही, वास तर नाहीच. बरं वाटलं जिवाला. कापसाची निर्जंतुक काडी भोकाच्या तोंडावर फिरवली, नळीत टाकली, बर्फात ठेवली. नळीवर नाव घातलं "माय-१". झोक्यावर बसले थोडा वेळ. माय खालून हसत होती.

१ मे

परत जळगाव. थर्माकोलचा डबा मांडीवर. पारोळ्याला शेजारी एक म्हातारे आबा चढले. डब्याकडे बघत बघत शेवटी न राहवून विचारलंच, "ताई, कुल्फी शे का?" म्हटलं नाही आबा, औषध आहे. ते हिरमुसले.

४ मे

उगवले. सोनेरी, गोल, ठसठशीत. स्टॅफ. औषधांच्या चकत्या लावल्या, निम्म्यांना दादच देत नाहीत. शेजारी माझ्या एंझाइमचा थेंब टाकला होता. तिथे ताटली आरपार दिसते.

मायचा जंतू. माझी कात्री. काय सांगू कसं वाटलं.  रविवार होता, लॅबमध्ये कुणी नाही, ओरडायलाही कुणी नाही. दादाला फोन लावला. "दादा, चाललं रे! मायच्या जंतूवर चाललं!"

 तो म्हणाला, "मग ऑपरेशनला थांबू का?"

"मॅडमना विचारते," म्हणाले.

६ मे

मॅडमना दाखवलं. ताटली उजेडासमोर धरून पुष्कळ वेळ बघत होत्या. छान आहे म्हणाल्या. मी लगेच आईचं बोलून टाकलं. त्यांनी चष्मा काढला.

"वंदना, ताटलीतला जंतू मारायला ब्लीचसुद्धा पुरतं."

मग समजावत बसल्या, जशी काही मी पहिल्या वर्षाची. हे एंझाइम आपण इ. कोलाय नावाच्या जंतूच्या पोटात तयार करून घेतो, त्याच्या कवचाचं विष सोबत येतं. ते रक्तात गेलं की थंडीताप, रक्तदाब कोसळतो, माणूस जातो. प्राण्यांवर चाचणी नाही. समितीची परवानगी नाही. "माझ्या आईला नाही देणार मी. तुझ्या आईला कशी देऊ देईन?"

सगळं बरोबर. सगळं मला ठाऊक. तरी राग आला. जिन्यात बसून रडले.

१० मे

विष काढून टाकता येतं. अवघड आहे, अशक्य नाही. मॅडमना म्हटलं, संशोधनासाठी म्हणून शुद्ध करते. त्यांनी बघितलं माझ्याकडे. "संशोधनासाठी कर," म्हणाल्या. त्यांना कळलंय. मला कळलंय की त्यांना कळलंय.

उन्हाने जीव चाललाय. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

१३ मे

वीज गेली, जनरेटर लागला नाही, शीतकपाट तापलं. सगळं एंझाइम फाटलं. दूध नासतं तसे गोळे तळाशी. कर्म माझं. परत पहिल्यापासून.

१८ मे

मुक्ताईनगरची मामी आज दारात हजर. पायाला साखरेची जखम. पिशवीतून केळी काढली, पदर सावरला आणि म्हणाली, दादा सांगत होता तू औषध काढलंय, माझ्याही पायाला लावून दे. मी हबकले. तिला कसंबसं समजावून दवाखान्यात पाठवलं, मग दादाला फोन. काय चाललंय? कुणाकुणाला सांगितलंस?

तर कळलं भलतंच. त्याने ऑपरेशनची तारीख सोडून दिली. कधीच!

"मी कुठं म्हटलं थांब?"

"तू नको म्हनी का? नई म्हनी ना?"

थांबू नको असं मी म्हटलंच नाही, खरंय. म्हणाले होते, मॅडमना विचारते. विचारलं. त्याला सांगितलंच नाही मॅडम काय म्हणाल्या.

आताच घे नवी तारीख, म्हणाले. तर म्हणतो, आता बरी दिसते माय, पाणी कमी आहे, तुझं कुठवर आलं? आणि मी, मूर्ख बाई, म्हणाले, होत आलंय.

खोटं नव्हतं ते. होतच आलंय. आणि खरं सांगायचं तर मलाच हवं होतं. मायचा गुडघा माझ्या हातून बरा व्हावा. पेपरात यावं असं नाही, पण आमच्या घरात तरी. "शिकून काय दिवे लावले" म्हणणाऱ्यांच्या घरात.

२४ मे

झालं. स्वच्छ. विषाची चाचणी लावली, जवळजवळ काही नाही. "माय-१"वर परत टाकून बघितलं, नळी निवळली. छोट्या बाटलीत भरलं.

शैलेश म्हणाला, तू जा धुळ्याला, इथलं मी बघतो. जाताना मात्र दारात थांबवून विचारलं, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही ना टोचणार?" नाही म्हटलं. त्याने विचारलं याचाच राग आला. म्हणजे मनात कुठेतरी होतं.

२६ मे, धुळे

सर्जनसाहेबांना भेटले. बाटली, ताटलीचे फोटो, सगळा संसार टेबलावर मांडला. वाटलं होतं हाकलून देतील. नाही. नीट बघितलं सगळं. हसले नाहीत, हेटाळणी नाही.

"टोचणार तर नाहीच मी," म्हणाले, "ते तुम्हालाही माहीत आहे. पण नमुना कुठला घेतलात?"

"गुडघ्याचाच."

"सांध्यातून सुईने?"

"नाही. भोकाच्या तोंडावरून. काडीने."

 पुढचं त्यांनी बोलायची गरजच नव्हती. दरवर्षी एम.एस्सी.च्या पोरांना मीच सांगते. तोंडावरचा नमुना म्हणजे उंबऱ्यावरची धूळ, घरात कोण राहतं ते त्यावरून कळत नाही. कातडीवर स्टॅफ सगळ्यांच्याच असतात. माझ्याही असतील. पोरांचे मार्क कापते मी यासाठी.

"तुम्हाला नमुना घेऊ कुणी दिला?" असंही नाही विचारलं त्यांनी. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. म्हणाले, गोळ्या चालू असतील तर बंद करा, दोन दिवसांनी सांध्यातून पाणी काढू.

गोळ्या? कसल्या गोळ्या? दादाने तर सगळ्या बंद सांगितल्या होत्या.

त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर

मायला विचारलं. आधी उडवाउडवी. मग वहिनी चहा ठेवायला आत गेली तशी हळूच म्हणाली.

"तू येनार व्हती ना आखाजीले. घरमा वास ये मना पायना. सणना दिन तुले वास येवाले नको म्हनीसन हिवाळाना उरेल गोया खाध्यात. सकायले डेटॉल टाकीसन धुई बी टाकं. चांगलं चोयीसन. तुले कसं वाटनं मंग, बरं वाटनं ना?"

बरं वाटलं होतं. स्वच्छ भोक बघून बरं वाटलं होतं मला. म्हणून तर तो झोका, ते हसणं.

हिवाळ्यातल्या उरलेल्या गोळ्या आणि डेटॉल, यांच्यामुळे खरा जंतू त्या दिवशी खोल दडून बसला असणार आणि वरवर घासून धुतलेल्या कातडीवरचे चार उरलेसुरले मी बर्फात घालून जळगावला नेले. थोर संशोधक!

मायवर ओरडायला तोंड उघडलं आणि बंद केलं. काय ओरडणार. लेक सणाला येणार म्हणून घर सारवतात, तिने पाय सारवला.

२८ मे

सांध्यातून सुईने पाणी काढलं. हिरवट, दाट. सर्जनसाहेबांनी अर्धं आपल्या लॅबला दिलं आणि अर्धं मला. "तुम्हीही बघा." चांगला माणूस आहे. दादा बाहेर उभा, हातात माझी बाटली असलेला डबा, कुणी धक्का लावू नये म्हणून छातीशी धरलेला. त्याला अजून काही सांगितलेलं नाही.

३० मे, जळगाव

गुलाबी उगवलंय. गुलाबी आणि चिकट. काडीने उचललं तर पाकासारखी तार सुटते. स्टॅफ एकही नाही.

क्लेब्सिएला.

या जंतूलाही भिंत आहे, पण भिंतीवरून आणखी एक कातडं आहे, तेलकट. माझी कात्री त्या कातड्यावरून घसरते, भिंतीपर्यंत पोचतच नाही. वर्गात दोन आकृत्या शेजारी शेजारी काढते मी, रंगीत खडूंनी.

तरी टाकलं. काय वेडी आशा. बघत बसले. नळी गढूळ. चहा पिऊन आले. गढूळ. जास्त टाकलं. गढूळ ती गढूळच. ईडीटीए नावाचं रसायन घातलं की कातडं सैल होतं, जराशी निवळते, पण ते त्या मापाने गुडघ्यात ओतता येत नाही. प्रतिजैविकंही बहुतेक सगळी वाया. एकच उरलंय, तेही मूत्रपिंडाला कडक.

मॅडम येऊन शेजारी बसल्या. मला वाटलं बोलतील, "मी सांगितलं होतं ना." त्यांनी गढूळ नळी उचलून उजेडासमोर धरली.

३१ मे

दादाला फोनवर सांगितलं. एका दमात. नमुना चुकला, जंतू दुसरा, माझं औषध याच्यावर चालत नाही, ऑपरेशन लगेच कर.

"म्हणजे मेचा बठ्ठा महिना..." म्हणाला. अख्खा महिना वाया, असंच म्हणायचं होतं त्याला. फोन ठेवला.

३ जून, धुळे

मायला ताप. हुडहुडी भरली, बरळत होती. अॅडमिट. मी रजा टाकून आले. गुडघा टरारलेला, लाल, मांडीपर्यंत चढलंय.

सर्जनसाहेब बाहेर येऊन सरळ बोलले. "एप्रिलमध्ये उघडलं असतं तर फक्त सांधा काढावा लागला असता. आता हाडात गेलंय. आधी ताप खाली आणू. मग उघडू. पाय राहतो की नाही ते उघडल्यावरच कळेल."

मी उभी होते. भिंतीला टेकून. दादा खाली बघत होता.

५ जून

दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनीमार्फत निरोप. "तिला सांग जेवून घे." "तिला सांग रिपोर्ट आलाय." एका बाकावर दोघं बसलेले आणि मध्ये वहिनी. तीही कंटाळली बिचारी.

आज शेवटी फुटला. वॉर्डाबाहेर, लोकांसमोर. "तुनावर इसवास ठेवा मी! डॉक्टरवर नई ठेवा, तुनावर ठेवा!"

शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. लहानपणापासून तसंच भांडतो आम्ही.  म्हणाले, चुकलं माझं. तो पाण्याची बाटली भरायला निघून गेला. भरलेलीच होती ती.

७ जून

मॅडमचा फोन. आईची चौकशी, मग जरा अडखळत, स्टॅफचा निकाल खरंच चांगला आहे, लिहून काढायला हवा. "आता नाही, सवडीने. आणि नमुन्याचं नाव तेवढं बदल."

म्हणजे छापून येणार. मायच्या कातडीवरचे, डेटॉलमधून वाचलेले जंतू तक्त्यात जाणार, शेजारी माझ्या एंझाइमचे आकडे. खरे आकडे आहेत. एकही खोटा नाही. उद्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील. मला आत्ता त्यांचं तोंड बघायचं नाही.

१० जून

ताप उतरला. माय शुद्धीवर, किरकिर चालू. हे बरं लक्षण. जेवण अळणी, नर्स दांडगी, शेजारच्या खाटेवरची बाई घोरते. मूत्रपिंडाचा आकडा मात्र वाढलाय.

ऑपरेशन परवा. दोन्ही गोष्टींची परवानगी आधीच घेऊन ठेवली. सांधा काढायची, आणि वेळ पडली तर मांडीपासून पायच काढायची. सही दादाने केली. मी करते म्हटलं तर पेन दिलं नाही.

मायला फक्त सांधा काढणार एवढंच माहीत आहे. पायाचं तिला कुणी सांगितलेलं नाही. दादा म्हणतो, नको. सर्जनसाहेब म्हणतात, सांगायला हवं. मी दोघांच्या मध्ये, माझं मत कुणी विचारत नाही, आणि मला काही तोंडही नाही.

१२ जून

नेलं आत्ताच.

सकाळी खाटेशी बसले होते. हे सांगायचंच असं ठरवून गेले होते. सगळं. जंतूचं, औषधाचं, पायाचं. वेणी घालून दिली. "माय, ऐक," एवढं म्हणाले आणि तिनेच माझा हात धरला.

"तुनं औषध लावतीन ना आते?"

मी बघतच राहिले. मागे दादा उभा होता. त्याच्या तोंडावरून कळलं, त्याने सांगितलंय. बाई घाबरली होती म्हणून सांगितलंय की आत वंदीचं औषध लावणार आहेत, मग बरी होशील. माझ्याशी अजून न बोलणारा दादा माझ्याकडे बघत होता आणि डोळ्यांनी हात जोडत होता.

"हो, माय," म्हणाले.

"काब्र रडस मंग?"

"डोळ्यात काहीतरी गेलं."

पट्टी बदलायला नर्स आली तर तिला कौतुकाने सांगते, "मनी आंडेरनं औषध शे. तिनी सोता काढेल शे." स्ट्रेचर ढकलणाऱ्यालाही तेच. वळणावरून गेली तरी आवाज येत होता. एप्रिलपासून एवढी खूश बघितली नव्हती तिला.

दादा येऊन माझ्या शेजारी बसला. मध्ये वहिनी नाही.  

भूलतज्ज्ञ सांगून गेले की पूर्ण भूल झेपणार नाही, पाठीतच सुई देणार आहोत, पेशंट जागी राहील, घाबरू नका.

म्हणजे आत, पायाआड धरलेल्या पडद्याच्या अलीकडे ती जागी आहे. आणि तिला ओळखते मी, ती गप्प राहणार नाही. त्यांना विचारत असेल, लावलं का म्हणून.